अंगणवाडी हे नाव देणाऱ्या ताराबाई मोडक

भिवंडीतली यंत्रमागांची गल्ली असो की शहापूरकडचा पाडा, अंगणवाडी कुठे आहे हे कुणीही सांगेल. हे नाव मात्र सरकारी योजनेच्या कितीतरी आधीचं आहे. ते दिलं ताराबाई मोडक यांनी, आणि तेही तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात.

ताराबाईंचा जन्म 1892 चा. माहेरच्या त्या केळकर. घर प्रार्थनासमाजी, त्यामुळे मुलीच्या शिक्षणाला आडकाठी नव्हती. 1914 मध्ये त्या बी.ए. झाल्या. लग्नानंतर अमरावतीला गेल्या, पण संसार टिकला नाही. पुढे राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्यपदाची चांगली नोकरी त्यांनी सोडली आणि भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालशिक्षणाच्या प्रयोगात उतरल्या. 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. 1936 मध्ये दादरला शिशुविहार सुरू झालं.

इथवर सगळं शहरी. माँटेसोरीची साधनं महाग, आणि ती परवडणारी मुलं कोण, हे उघडच होतं.

म्हणून 1945 मध्ये वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी ताराबाई बोर्डीला आल्या. सोबतीला अनुताई वाघ. बालवाडी उघडली, पण ज्यांच्यासाठी उघडली ती गरीब वस्तीतली मुलं येईनात. मग या दोघींनी शाळाच उचलून वस्तीतल्या अंगणात नेली. आधी मुलांना अंघोळ, नखं कापणं, मग गाणी-गोष्टी. महागड्या साधनांऐवजी खडे, बिया, पानं, शंख-शिंपले. अंगणात भरते ती अंगणवाडी!

1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये गेलं. तिथे अडचण वेगळी होती. मोठी मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळायची, मुलगा गुरं राखायचा. शाळेत येणार कोण? ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच छपराखाली आणली. कडेवरचं मूल पाळण्यात ठेवून ताई वर्गात बसू लागली. गुराख्यांसाठी कुरणातच शाळा भरवली. गैरहजेरीचा दोष पालकांवर ढकलणं सोपं होतं, तसं त्यांनी केलं नाही.

1962 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. 31 ऑगस्ट 1973 रोजी त्या गेल्या. केंद्राची एकात्मिक बालविकास योजना आली ती 2 ऑक्टोबर 1975 ला, म्हणजे त्यानंतर दोन वर्षांनी. तिच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी. अनुताई मात्र शेवटपर्यंत, 1992 पर्यंत, कोसबाडच्या कामात राहिल्या.