डॉ. हॅरॉल्ड मॅन आणि नीरा खोऱ्यातील क्षारपड जमिनी

बारामती-इंदापूर भागात डाळिंबाच्या किंवा पेरूच्या पानांच्या कडा करपू लागल्या की पहिली चौकशी बुरशीनाशकाची होते. पण नीरा डाव्या कालव्याखालच्या सखल, काळ्या जमिनीत हे दुखणे पुष्कळदा मुळाखालच्या खाऱ्या पाण्याचे असते. ही गोष्ट शंभराहून अधिक वर्षांपूर्वी डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी अभ्यासली होती.

मॅन यांचा जन्म १८७२ साली इंग्लंडमध्ये झाला. ते मूळचे रसायनशास्त्रज्ञ. १९०० मध्ये चहामळ्यांचे शास्त्रज्ञ म्हणून ते भारतात आले. चहावरील किडी-रोगांविषयीच्या जॉर्ज वॅट यांच्या ग्रंथाची १९०३ ची आवृत्ती दोघांच्या नावाने निघाली. १९०७ मध्ये ते पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले.

नीरा कालव्याला पाणी सुटून तेव्हा वीसेक वर्षे झाली होती. बागाईत वाढले आणि सखल शेतांवर पांढरा थर दिसू लागला. मॅन आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हणे यांनी १९१० मध्ये या खारवट जमिनींवर पुस्तिका प्रसिद्ध केली. कालव्याचा पाझर आणि पिकाला दिलेले जादा पाणी यांमुळे जमिनीखालचे पाणी वर चढते. ते उन्हाने उडून जाते, क्षार मात्र वरच राहतात. निचरा नसेल तर फवारणी वाया जाते.

उसाच्या पाचटाचे आच्छादन इथे उपयोगी आहे, कारण बाष्पीभवन घटले की क्षार वर येण्याचा वेग कमी होतो. पण मुळाशी पाणी तुंबले असेल तर तेच पाचट ओल धरून मूळकूज वाढवते. म्हणून आधी चर, मग पाचट, तेही खोडापासून थोडे लांब. बागेत मीटरभर खोल खड्डा घ्यावा आणि दुसऱ्या दिवशी पाणी कुठवर आले ते पाहावे. माती तपासणीत जमीन चोपण निघाली तरच जिप्सम वापरावे.

मॅन प्रयोगशाळेत रमून राहिले नाहीत. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावात (आज तिथे उंच इमारती आहेत) त्यांनी जमिनीचे तुकडे आणि घरोघरचे कर्ज मोजले. तो अभ्यास १९१७ मध्ये छापला गेला. १९२१ ते १९२७ ते मुंबई इलाख्याचे कृषी संचालक होते. नंतर इंग्लंडमधील वोबर्न प्रयोगक्षेत्रावर त्यांनी १९५६ पर्यंत काम केले. १९६१ मध्ये, वयाच्या ८९ व्या वर्षी ते वारले.