औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी : नियमित व्यायामाला वाहिलेले आयुष्य

सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागात, यमाई देवीच्या डोंगराच्या पायथ्याशी औंध हे गाव वसले आहे. स्वातंत्र्यापूर्वी हे गाव म्हणजे अवघ्या ७२ खेड्यांच्या एका संस्थानाची राजधानी होती. संस्थानचा मुलूख सलगही नव्हता. औंध, कुंडल, आटपाडी असे त्याचे तुकडे विजापूरच्या बाजूपर्यंत विखुरलेले होते. अशा चिमुकल्या संस्थानच्या अधिपतीचे नाव १९३८ मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेल्या एका आरोग्यविषयक पुस्तकावर झळकले. त्या पुस्तकाचा विषय होता सूर्यनमस्कार, आणि लेखक होते श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी.

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ रोजी झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून त्यांनी बी. ए. ची पदवी मिळविली. संस्थानिकांच्या घराण्यात त्या काळी हे शिक्षण दुर्मीळ होते. चित्रकला आणि कीर्तन हे त्यांचे जिव्हाळ्याचे छंद. वडील श्रीनिवासराव नित्यनेमाने नमस्कार घालीत. तरुण भवानरावांचे लक्ष मात्र प्रथम घरातल्या या परंपरेकडे गेले नाही, ते गेले युरोपकडे.

युजेन सँडो या प्रशियात जन्मलेल्या बलोपासकाची कीर्ती त्या वेळी जगभर पसरली होती. सँडोचे पीळदार स्नायू लोक पाहत, पण त्याची खरी कामगिरी निराळी होती. त्याने व्यायामाचे कोष्टक बनविले. कोणत्या वयाच्या माणसाने कोणता व्यायाम किती वेळा करावा, किती दिवसांनी संख्या वाढवावी, हे त्याच्या पुस्तकांत तक्त्यांच्या रूपाने दिलेले असे. त्यामुळे आखाडा नाही, वस्ताद नाही, तरी घरच्या घरी शिस्तीने व्यायाम करणे शक्य झाले. १८९७ मध्ये बाळासाहेबांनी सँडोची पुस्तके व साधने मागवली आणि पुढे सुमारे दहा वर्षे त्याच्या पद्धतीने व्यायाम केला. हौसेने डंबेल्स घ्यावेत आणि महिन्याभरात ते माळ्यावर टाकावेत, असे त्यांच्या बाबतीत घडले नाही.

१९०८ मध्ये, वयाच्या चाळिशीत, मिरजेचे अधिपती असलेल्या मित्राच्या आग्रहावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले. सूर्यनमस्कार महाराष्ट्राला नवे नव्हते. समर्थ रामदासांच्या परंपरेत बलोपासनेला मोठे स्थान होते आणि अनेक घरांतून स्नानानंतर नमस्कार घालण्याचा प्रघात होता. परंतु तो उपासनेचा भाग मानला जाई. घरोघरी पद्धत निराळी, संख्या निराळी, आणि पुष्कळदा नुसतीच घाई. बाळासाहेबांनी या जुन्या आचाराला सँडोची शिस्त लावली. त्यांच्या कार्याचे मर्म येथेच आहे, आणि ते बहुधा दुर्लक्षित राहते.

त्यांनी नमस्काराच्या दहा स्थिती निश्चित केल्या. हात जोडून ताठ उभे राहणे, गुडघे न वाकवता तळहात जमिनीला टेकणे, एक पाय मागे नेणे, मग दोन्ही, त्यानंतर साष्टांग, छाती उचलून पाठीला बाक देणे आणि पुन्हा त्याच क्रमाने उलट येत उभे राहणे. प्रत्येक स्थितीत श्वास कधी घ्यावा, कधी रोखावा, कधी सोडावा हे ठरलेले. प्रत्येक नमस्काराला बीजाक्षरांसह सूर्याच्या नावाचा उच्चार. या उच्चारांनी शरीरात जे कंप उठतात त्यांचाही लाभ होतो, असे त्यांचे म्हणणे होते. वेळ शक्यतो सकाळची आणि रोज तीच. आरंभ थोड्या संख्येने, वाढ हळूहळू, आणि खंड पडू द्यायचा नाही. आज प्रचलित असलेल्या बारा स्थितींच्या नमस्कारापेक्षा औंधची ही पद्धत थोडी वेगळी होती.

१९०९ मध्ये बाळासाहेब गादीवर आले आणि त्यांचा वैयक्तिक नेम हा राज्याचा कार्यक्रम बनला. राजवाड्यात राणीसाहेब आणि मुले नमस्कार घालीतच. संस्थानच्या शाळांतही नमस्कार सक्तीचे झाले. पोटाला पुरेसे नसलेल्या खेड्यांतील मुलांना फुकट, विनासाधन आणि चार हात जागेत होणारा हाच व्यायाम परवडणारा होता, हा विचार त्यामागे होता. त्यांनी पुस्तके लिहिली, व्याख्याने दिली, नमस्कारांचा चित्रपटही तयार करविला. औंधला येऊन स्थायिक झालेले वेदाभ्यासक पंडित सातवळेकर हेही व्यायामाचे पुरस्कर्ते. त्यांच्या लेखनाने या चळवळीला आणखी बळ मिळाले.

अर्थात राजाच्या हौसेला प्रजेतला विद्यार्थी नाही म्हणू शकत नव्हता, हेही खरे. शिवाय नमस्कारांनी अमुक रोग जातो, तमुक व्याधी बरी होते, असे जे दावे त्या काळी झाले आणि ज्यांत बाळासाहेबांचाही वाटा होता, ते वैद्यकाच्या कसोटीवर उतरणारे नव्हते. महाराष्ट्राने या अतिरेकाची चेष्टाही केली. आचार्य अत्र्यांचे १९३३ मधले ‘साष्टांग नमस्कार’ हे नाटक म्हणजे नमस्कारांच्या वेडाने पछाडलेल्या एका रावबहादुरांचीच कथा. प्रेक्षक पोट धरून हसले. औंधमधला नेम मात्र चालूच राहिला.

१९३६ मध्ये, अडुसष्टीच्या घरात असलेले बाळासाहेब इंग्लंडला गेले. त्या वयातील त्यांची ताठ चाल आणि तुकतुकीत कांती पाहून ‘न्यूज क्रॉनिकल’ या वृत्तपत्राच्या लुईस मॉर्गन यांचे कुतूहल जागे झाले. त्यांनी बाळासाहेबांची मुलाखत घेतली आणि पुढे १९३८ चे ते इंग्रजी पुस्तकही त्यांनीच संपादित केले. दहा स्थितींवरून त्याचे नाव ठेवण्यात आले होते. इकडे बंगळूरमध्ये के. व्ही. अय्यर यांच्यासारखे व्यायामशिक्षकही सूर्यनमस्कार शिकवू लागले होते. १९३७ मध्ये त्यांचे या विषयावरील पुस्तक निघाले. पुढे योगासनांच्या वर्गात सूर्यनमस्कारांना जे पहिले स्थान मिळाले, त्याची पायाभरणी या दशकांत झाली.

बाळासाहेबांची शिस्त केवळ शरीरापुरती नव्हती. लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर कारखान्यासाठी जागा देणारे हेच राजे. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला त्यांनी द्रव्यसाहाय्य दिले आणि तिच्यासाठी चित्रेही काढली. १९३८ च्या वाढदिवशी त्यांनी सत्ता प्रजेच्या हाती देण्याची घोषणा केली. महात्मा गांधींच्या मार्गदर्शनाखाली, मॉरिस फ्रिडमन आणि राजपुत्र आप्पासाहेब पंत यांच्या साहाय्याने स्वराज्याची घटना तयार झाली आणि जानेवारी १९३९ मध्ये ती अमलात आली. ग्रामपंचायती हा तिचा पाया होता. ज्या राजाने शाळांत नमस्कारांची सक्ती केली, त्यानेच सक्ती करण्याचा आपला अधिकार सोडून दिला! संस्थानिकांच्या इतिहासात अशी उदाहरणे बोटांवर मोजण्याइतकीच सापडतील.

१९४८ मध्ये औंध मुंबई राज्यात विलीन झाले. १३ एप्रिल १९५१ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी, मुंबईत बाळासाहेबांचे निधन झाले. त्यांनी जमविलेली चित्रे आणि शिल्पे यमाईच्या डोंगरावरील वाटेवरच्या श्री भवानी संग्रहालयात आहेत. आप्पासाहेब पंत स्वतंत्र भारताचे राजदूत म्हणून पूर्व आफ्रिकेपासून इंडोनेशिया, नॉर्वे, इजिप्तपर्यंत वावरले. लहानपणी वडिलांसोबत शिकलेल्या त्या दहा स्थितींवर त्यांनीही १९७० मध्ये एक पुस्तक लिहिले.