मायकेल फॅरेडे

मायकेल फॅरेडे यांचा जन्म १७९१ साली लंडनजवळ झाला. वडील लोहार होते. घरी गरिबी होती, म्हणून मायकेलचे शिक्षण फारसे झाले नाही. चौदाव्या वर्षी तो पुस्तकांची बांधणी करणाऱ्या दुकानात काम शिकू लागला. बांधायला आलेली पुस्तके तो आवडीने वाची. १८१२ मध्ये त्याने शास्त्रज्ञ हंफ्रे डेव्ही यांची व्याख्याने ऐकली, त्यांची टिपणे काढली आणि ती नीट बांधून डेव्हींना पाठवली. पुढच्याच वर्षी त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेत काम मिळाले.

तारेतून वीज वाहू लागली की जवळच्या होकायंत्राची सुई हलते, हे ओर्स्टेड यांनी १८२० मध्ये दाखवले. विजेपासून चुंबकत्व मिळते, तर चुंबकापासून वीज का मिळू नये, असा प्रश्न फॅरेडेंना पडला. त्यांचे प्रयोग पुन्हा पुन्हा फसले. पण त्यांनी धीर सोडला नाही. १८३१ मध्ये त्यांनी तारेच्या वेटोळ्यात चुंबक आत-बाहेर हलवला. वीज दाखवणाऱ्या यंत्राचा काटा हलला! चुंबक थांबला की काटाही जागेवर येई. चुंबकाच्या हालचालीतच विजेचे रहस्य होते.

१८६७ मध्ये फॅरेडे मरण पावले. वीजकेंद्रांतील जनित्रे आजही याच तत्त्वावर चालतात. एका लोहाराच्या मुलाच्या चिकाटीने जगाला प्रकाश दिला.