वैद्यकाची वाट कानांनी अडवली. पंडिता रमाबाईंच्या आयुष्यातील दुर्लक्षित अध्याय

मेटगळ्ळी (मैसूरु) : कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या मेटगळ्ळीपासून काही किलोमीटरवर, मानसगंगोत्री परिसरात, १९६५ पासून अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था कार्यरत आहे. आज स्पष्ट ऐकू येते, उद्या कान दडे बसल्यासारखे होऊन शब्द विरून जातात, अशा आंतरकर्णाच्या विकारांपासून कायमच्या बहिरेपणापर्यंत सर्व तक्रारींत ऐकण्याची पातळी आता डेसिबलमध्ये मोजता येते. एकोणिसाव्या शतकात याच मैसूरच्या राजदरबारी अनंतशास्त्री डोंगरे या संस्कृत पंडितांना काही काळ आश्रय मिळाला होता. त्यांच्या कन्येची श्रवणशक्ती तरुणपणीच उणावली, तेव्हा अशी मोजणी कोठेच होत नव्हती. ही कन्या म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात झाला. अनंतशास्त्रींनी लोकनिंदा पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले आणि लक्ष्मीबाईंनी मुलीला. पहाटे झोपेतून उठवून आई श्लोक म्हणत असे आणि मुलगी ते ऐकून पाठ करीत असे. रमाबाईंची सारी विद्या अशी कानांवाटे आली, हे पुढील घटना समजून घेताना विसरता येत नाही. कुटुंबाची उपजीविका पुराणकथनावर चाले. १८७४ च्या सुमारास दुष्काळाने आईवडिलांचा बळी घेतला. त्यानंतर रमाबाई आणि बंधू श्रीनिवास देशभर पायी हिंडले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी या तरुणीला 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पुढे भाऊ गेला. १८८० मध्ये बिपिनबिहारी दास यांच्याशी झालेला विवाहही दोन वर्षेच टिकला. पटकीने पतीचे निधन झाले. कडेवर लहानगी मनोरमा घेऊन त्या पुण्यात आल्या.

पुण्यात १८८२ मध्ये आर्य महिला समाज स्थापन करून त्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष दिली. या देशातील स्त्रिया पुरुष डॉक्टरांपुढे आपले दुखणे सांगत नाहीत आणि उपचारांवाचून मरतात. म्हणून स्त्री डॉक्टर घडवल्या पाहिजेत, अशी त्यांची मागणी होती. केवळ मागणी करून त्या थांबल्या नाहीत. स्वतः वैद्यक शिकण्याच्या निश्चयाने १८८३ मध्ये त्या मुलीसह इंग्लंडला गेल्या.

तेथे कान आडवे आले. त्या काळी वैद्यकाचे शिक्षण व्याख्याने ऐकून होई आणि स्टेथोस्कोपमधून हृदयाचे व फुप्फुसाचे सूक्ष्म ध्वनी ओळखता येणे अनिवार्य असे. कमी ऐकू येणाऱ्या विद्यार्थिनीला त्यात जागा नव्हती. चक्कर, कानातील नाद आणि येतेजाते बहिरेपण यांचे मूळ आंतरकर्णात असू शकते, हे पॅरिसच्या प्रॉस्पर मेनिए यांनी १८६१ मध्येच मांडले होते. परंतु कानाची परीक्षा अद्याप घड्याळाची टिकटिक आणि नादकाटा यांवरच चाले. रमाबाईंना डॉक्टर होण्याचा विचार सोडावा लागला. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यावरून महाराष्ट्रात एवढा गदारोळ उठला की, ज्या शिक्षणासाठी त्या गेल्या ते का सुटले, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. चरित्रवाचनात आजही हा भाग एखाद्या वाक्यात आटोपतो.

वैद्यकाऐवजी त्या चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात दाखल झाल्या. तेथे त्या संस्कृत शिकवीत आणि स्वतः गणित, विज्ञान, इंग्रजी शिकत. १८८६ च्या आरंभी फिलाडेल्फियाहून निमंत्रण आले. नात्यातील आनंदीबाई जोशी तेथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर होत होत्या. ११ मार्च १८८६ रोजी, जी पदवी आपल्याला दुरावली ती आनंदीबाईंना मिळताना रमाबाईंनी पाहिली. दुर्दैव असे की पुढच्याच फेब्रुवारीत आनंदीबाई पुण्यात वारल्या.

अमेरिकेत रमाबाईंनी गावोगाव व्याख्याने दिली. कमी ऐकू येणाऱ्याला बोलणे तुलनेने सोपे असते, अडचण येते ती समोरच्याचा प्रश्न समजून घेताना. तरीही हा दौरा दोन वर्षांहून अधिक चालला. 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हे पुस्तक आणि व्याख्याने यांतून उभ्या राहिलेल्या मदतीवर मुंबईत शारदा सदन सुरू झाले. उद्घाटनाचा दिवस ११ मार्च १८८९, म्हणजे आनंदीबाईंच्या पदवीदानाला बरोबर तीन वर्षे झाली होती. पुढे दुष्काळग्रस्त स्त्रिया व मुलींना आणून केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले. तेथे अंधांसाठीही स्वतंत्र सोय होती.

उतारवयात बहिरेपण वाढले. त्या वर्षांतील त्यांचे मोठे काम कानांवर अवलंबून नव्हते. हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबल सोप्या मराठीत उतरवायला घेतले. छपाई केडगावच्याच छापखान्यात होत असे. १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे केडगाव येथे निधन झाले. भाषांतराचे काम तोवर त्यांनी पूर्ण केले होते.