हार्वर्डमध्ये शिकता आलं नाही, पण याच बाईंनी तिथे पोलिसांसाठी खुनाच्या तपासाचा कोर्स सुरू केला

खून झाला की त्या जागेला टेप लागते, फोटो निघतात आणि मगच एखाद्या वस्तूला हात लावला जातो. क्राईम सिरीयल बघून हे आज पोराटोरांनाही पाठ झालंय. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत मात्र पोलीस बिनधास्त रक्तातून चालत जायचे, मृतदेहही हलवायचे.

मृत्यू कशानं झाला हे ठरवायचा कोरोनर. हे पद आपल्या मुंबईतही १९९९ पर्यंत होतं. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी कोरोनर निवडणुकीतून यायचा आणि त्याला डॉक्टरकीचा गंध नसला तरी चालायचं. त्यामुळे खून आत्महत्या म्हणून खपून जाण्याची आणि निर्दोष माणूस आत जाण्याची भीती कायम असायची.

हे बदलण्यासाठी पदरचा पैसा ओतला तो फ्रान्सिस ग्लेसनर ली यांनी.

१८७८ साली शिकागोत त्यांचा जन्म झाला. वडील शेतीची यंत्रं बनवणाऱ्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीतले बडे अधिकारी. भाऊ हार्वर्डला गेला, फ्रान्सिस मात्र घरीच शिकल्या. शिवणकाम, विणकाम यात त्यांचा हात बसला. १८९८ मध्ये वकिलाशी लग्न झालं, तीन मुलं झाली आणि १९१४ मध्ये घटस्फोट झाला.

भावाचे मित्र डॉ. जॉर्ज मॅग्राथ बोस्टनमध्ये संशयास्पद मृत्यूंची तपासणी करायचे. त्यांच्याकडून केसेस ऐकता ऐकता फ्रान्सिस यांना या विषयाची गोडी लागली. वयाची पन्नाशी उलटल्यावर, १९३१ मध्ये, त्यांनी हार्वर्डमध्ये न्यायवैद्यकशास्त्राच्या अध्यापकपदासाठी पैसा दिला. पुढे ग्रंथालय दिलं आणि १९३६ मध्ये अडीच लाख डॉलर्स. गंमत म्हणजे हार्वर्डच्या मेडिकल कॉलेजात तेव्हा मुलींना प्रवेशच नव्हता. तो मिळाला १९४५ मध्ये.

पण डॉक्टर तयार करून भागणार नव्हतं. जागेवर सगळ्यात आधी पोहोचतो तो पोलीस. त्याची नजर तयार कशी करायची? शिकवण्यासाठी दर वेळी खरा खून कुठून आणणार?

मग कामी आलं ते लहानपणचं शिवणकाम. त्यांनी सुताराच्या मदतीनं एका फुटाला एक इंच या मापात खोल्या बनवल्या आणि खऱ्या केसेसवर बेतलेले मृत्यू त्यात मांडले. बाहुल्यांचे मोजे टाचणीएवढ्या सुयांवर विणले. मृतदेहाच्या कातडीचा बदललेला रंगसुद्धा अचूक रंगवला, कारण तोच पुरावा असायचा.

१९४५ पासून पोलिसांसाठी आठवडाभराचा कोर्स सुरू झाला. पोस्टमॉर्टम, जखमा, विषप्रयोग अशी व्याख्यानं व्हायची. मग प्रत्येकाला या खोल्या पाहायला दीड तास मिळायचा. खुनी शोधणं हा हेतू नव्हताच. अंदाज न बांधता नीट बघणं आणि जे दिसलं ते सांगणं, एवढंच शिकायचं होतं.

दरम्यान १९४३ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्य पोलिसांनी त्यांना कॅप्टन केलं. १९६२ मध्ये त्या गेल्या आणि पाच वर्षांतच हार्वर्डचा विभाग बंद पडला. खोल्या मात्र मेरीलँडच्या मुख्य वैद्यकीय तपासणी कार्यालयाने सांभाळल्या. त्यातल्या १८ बाल्टिमोरला आहेत आणि त्यांच्या नावाचा कोर्सही तिथे पुढे चालू राहिला.

या खोल्यांची उत्तरं मात्र आजही गुपित ठेवली जातात. कारण त्या अजून शिकवायच्या कामी येतात.