गॅरेजच्या वर राहणारा मुलगा

मराठी विभागासाठी काहीतरी लिही म्हणून आमच्या विंगमधला संपादक गेले दोन महिने माझ्या मागे लागला होता. मी बालवाडीपासून कॉन्व्हेंटमध्ये. वर्गात तोंडातून मराठी शब्द गेला की दोन रुपये दंड असायचा. त्यामुळे मराठी लिहायची सवय म्हणाल तर आजीला पाठवलेली चार पत्रं, बस्स. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. विषय मात्र असा घेतलाय की त्यावर मी झोपेतसुद्धा बडबडतो, अशी माझ्या रूममेटची तक्रार आहे.

रेस असली की आपल्या टीव्ही रूममध्ये पाय ठेवायला जागा नसते. २०२४ साली मॅक्लारेनने तब्बल २६ वर्षांनी फॉर्म्युला वनचं कन्स्ट्रक्टर्स विजेतेपद मिळवलं तेव्हा झालेला आरडाओरडा रेक्टर सरांच्या अजून लक्षात असेल. पण मॅक्लारेन हे एका माणसाचं आडनाव आहे, हे त्या गर्दीतल्या किती जणांना माहीत होतं? मलाही सेकंड इयरपर्यंत नव्हतं. मग एका सबमिशनच्या रात्री जर्नल लिहायचं सोडून मी त्याच्याबद्दल वाचत बसलो आणि पहाटेपर्यंत वाचतच राहिलो. (ते जर्नल दुसऱ्या दिवशी परत आलं, ती गोष्ट वेगळी.)

ब्रूस लेस्ली मॅक्लारेन. जन्म ३० ऑगस्ट १९३७, न्यूझीलंडमधलं ऑकलंड. वडील लेस आणि आई रूथ यांचं रेम्युएरा भागात सर्व्हिस स्टेशन आणि गॅरेज होतं, आणि कुटुंब राहायचं त्याच्याच वर. खाली पेट्रोल, ऑइल, ग्रीस, वर स्वयंपाक. लेस तरुणपणी क्लबच्या मोटरसायकल शर्यतींत भाग घ्यायचे. शाळा सुटली की ब्रूस थेट खाली गॅरेजमध्ये.

नऊ वर्षांचा असताना त्याच्या कमरेत दुखायला लागलं. निदान झालं पर्थेस डिसीजचं. यात मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याचा रक्तपुरवठा थांबतो, हाड मऊ पडतं आणि वजन टाकलं की त्याचा आकार बिघडतो. त्या काळी उपाय एकच, वजन टाकायचंच नाही. ऑकलंडजवळच्या टाकापुना इथल्या विल्सन होममध्ये हा पोरगा जवळजवळ दोन वर्षं पाय ट्रॅक्शनमध्ये बांधून उताणा पडून होता. दोन वर्षं! आपल्याला दीड तासाच्या लेक्चरला नीट बसवत नाही. तो चालत बाहेर आला, पण डावा पाय उजव्यापेक्षा आखूड राहिला तो कायमचाच, आणि चालण्यात थोडं लंगडणंही राहिलं. रग्बीवेड्या देशात ज्या मुलाला धावता येत नाही त्याने काय खेळायचं?

याचं उत्तर लेसच्या गॅरेजमध्ये सुट्या भागांच्या रूपात आलं. लेसनी एक जुनी ऑस्टिन सेव्हन अल्स्टर विकत घेतली, १९२९ सालची, म्हणजे ब्रूसपेक्षा आठ वर्षांनी मोठी. ती जोडायची आणि विकून टाकायची, एवढाच बेत होता.

या गाडीबद्दल थोडं सांगायलाच हवं, मेकॅनिकलवाल्यांनी तरी लक्ष द्या. ऑस्टिन सेव्हन ही इंग्लंडमधली स्वस्त, छोटी, मध्यमवर्गाची गाडी, १९२२ मध्ये आलेली. सर हर्बर्ट ऑस्टिन यांनी तिची ड्रॉइंग्ज कारखान्यात नाही तर राहत्या घरात करून घेतली, आणि ती काढणारा ड्राफ्ट्समन स्टॅन्ली एज तेव्हा १८ वर्षांचा होता. (फर्स्ट इयरच्या ग्राफिक्समध्ये ज्यांना केटी लागली त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचू नये.) इंजिन चार सिलिंडरचं, साइड व्हाल्व्ह, ७४७ सीसी. क्रँकशाफ्टला आधार फक्त दोन टोकांना, मधे बेअरिंग नाही, त्यामुळे आरपीएम वाढले की शाफ्ट दोरीसारखा लवायला बघायचा. मागे क्वार्टर एलिप्टिक पाटे, पुढे एक आडवा पाटा. ब्रेक केबलवर चालणारे, आणि ते लागण्याबद्दल फार आशा न ठेवलेली बरी. अल्स्टर हे तिचंच शर्यतीसाठी केलेलं हलकं, बुटकं मॉडेल. लोटसवाल्या कॉलिन चॅपमनची पहिली गाडीसुद्धा जुन्या ऑस्टिन सेव्हनवरच बांधलेली होती. कारण साधं आहे. गाडी स्वस्त होती, तिच्यात दडवलेलं काही नव्हतं, आणि चूक केली की ती लगेच कळायची.

बाप-लेकांनी मिळून ती जोडली. जोडल्यावर लेसनी स्वतः चालवून पाहिली आणि त्यांना ती अजिबात भरवशाची वाटली नाही. विकायचं ठरलेलंच होतं. ब्रूसने ती मागितली, विकू नका, मी तिला नीट करतो म्हणून. आणि लेसनी ती त्याला दिली.

इथे मी वाचायचा थांबलो होतो. माझे बाबा सांगलीला एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक आहेत. घरी त्यांची जुनी येझदी आहे. दर रविवारी ती खोलायची, साफ करायची, जोडायची. लहानपणापासून बॅटरी धरायचं आणि मागितला तो पाना द्यायचं काम माझं. चौदा-पंधराचा पाना हातात घेतल्यावर न बघता ओळखता येतो, हे मी कॉन्व्हेंटमधल्या मित्रांना कधी सांगितलं नाही. शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायासमोर मी नुसतं सर्व्हिस लिहायचो. लाज वाटायची, खोटं कशाला बोलू. तर, माझा चुलतभाऊ बाइकवरून पडला आणि मोडलेला पाय घेऊन चार महिने अंथरुणावर राहिला, तेव्हापासून बाबांनी येझदीची किल्ली माझ्या हातात दिलेली नाही. खोलायला मी चालतो, चालवायला नाही. वीस वर्षांचा घोडा झालो तरी नाही. आणि इथे हे लेस मॅक्लारेन! पोटचा पोरगा दोन वर्षं बिछान्याला बांधलेला पाहिलेला बाप, स्वतःला न झेपलेली गाडी त्याच पोराला देतो. मला आधी हा माणूस बेफिकीर वाटला. आता तसं वाटत नाही, पण पूर्ण पटलंय असंही म्हणवत नाही.

घरच्या आवारात इंग्रजी आठच्या आकाराचा रस्ता आखून ब्रूस त्यावर गाडी वळवायला शिकला. न्यूझीलंडमध्ये तेव्हा पंधराव्या वर्षी लायसन्स मिळायचं. ते मिळताच ऑकलंडच्या पश्चिमेला समुद्रकाठच्या मुरीवाई इथल्या हिलक्लाइंबमध्ये तो उतरला. हिलक्लाइंब म्हणजे एकेकाने घाट चढायचा, घड्याळाविरुद्ध. क्लबची छोटीशी स्पर्धा. प्रेक्षक म्हणजे एकमेकांचे नातेवाईक. ७५० सीसीच्या वर्गात ब्रूस पहिला आला. पुढची दोन-तीन वर्षं हेच चाललं, आठवडाभर शाळा आणि गॅरेज, सुट्टीला शर्यत. तिथेच फिल केर नावाचा दुसरा ऑस्टिन सेव्हनवाला भेटला. तो आधी प्रतिस्पर्धी, मग मित्र, आणि पुढे ब्रूसच्या कंपनीतला सहकारी.

त्यानंतर फोर्डचं इंजिन असलेली एक स्पेशल, मग ऑस्टिन-हीली, मग कूपर. ऑस्ट्रेलियाचा जॅक ब्रॅबहम न्यूझीलंडला शर्यतीसाठी आला की मॅक्लारेन कुटुंबाकडेच उतरायचा. एकीकडे ब्रूस इंजिनिअरिंगलाही होता. ऑकलंडचं इंजिनिअरिंग कॉलेज तेव्हा आर्डमोरला, युद्धकाळातल्या जुन्या विमानतळावर भरायचं, आणि न्यूझीलंड ग्रां प्री व्हायची तीसुद्धा त्याच विमानतळाच्या धावपट्टीवर. कॉलेजच्या दारात ग्रां प्री! अटेंडन्सचं काय होत असेल?

डिग्री त्याने पूर्ण केली नाही. १९५८ मध्ये एका तरुण ड्रायव्हरला युरोपला पाठवायची शिष्यवृत्ती सुरू झाली आणि पहिला मान ब्रूसला मिळाला. वय २०. माझंच वय. मित्र कॉलिन बीनलंड मेकॅनिक म्हणून सोबत. इंग्लंडमध्ये सरबिटनच्या कूपर कारखान्यात पोचले तर यांची गाडी तयार नव्हती. ती या दोघांनाच बांधावी लागली. यांना काय, हेच तर येत होतं! त्याच वर्षी जर्मन ग्रां प्रीत, न्यूर्बुर्गरिंगवर, ब्रूस फॉर्म्युला टू वर्गात पहिला आणि एकूणात पाचवा आला. १२ डिसेंबर १९५९ ला अमेरिकेत सेब्रिंगला, शेवटच्या लॅपमध्ये पुढे असलेल्या ब्रॅबहमचं पेट्रोल संपलं आणि मागून आलेला ब्रूस जिंकला. ब्रॅबहमने गाडी ढकलत रेषेपार नेली, चौथा आला आणि तेवढ्यावर जगज्जेता झाला. बावीस वर्षं आणि साडेतीन महिन्यांच्या ब्रूसएवढ्या लहान वयात त्यानंतर २००३ पर्यंत, म्हणजे फर्नांडो अलोन्सो येईपर्यंत, कोणी ग्रां प्री जिंकली नाही.

ड्रायव्हर म्हणून तो महान होता का? माझ्या मते नाही. जिम क्लार्कच्या रांगेत त्याला कोणी बसवत नाही. तो चांगला, शांत, गाडी न मोडणारा ड्रायव्हर होता. पण गाडी चालवताना तिचं काय दुखतंय हे कळणं आणि खाली उतरून ते स्वतःच्या हाताने दुरुस्त करता येणं, या दोन्ही गोष्टी एकाच माणसात फार थोड्यांत होत्या.

१९६३ मध्ये त्याने स्वतःची टीम काढली. जागा म्हणजे एक शेड. एकदा नव्या गाडीची चाचणी चालली होती आणि वेग येत नव्हता. ब्रूसने बघितलं की पेट्रोलच्या टाकीवरचं झाकण फडफडतंय. खरं तर वेग वाढेल तसं हवेच्या दाबाने ते खाली बसायला हवं होतं, पण ते उलट जास्तच उडत होतं. म्हणजे तिथे दाब कमी होता! त्याने गाडी आत आणली, पत्रा कापायची कात्री घेतली आणि रेडिएटरच्या मागची बॉडी सरळ कापून टाकली. आत कोंडलेल्या हवेला बाहेर पडायला वाट मिळाली, आणि पुढच्याच फेऱ्यांत वेळ कमी झाला. फ्लुइड मेकॅनिक्सच्या व्हायवात मी बर्नुली धडाधडा म्हणून दाखवला होता, पण झाकण फडफडताना पाहून मला तो आठवला असता का? शंका आहे.

सगळंच जमलं असं नाही. १९६६ च्या त्याच्या पहिल्या फॉर्म्युला वन गाडीचा सांगाडा विमानशास्त्रातून आलेल्या रॉबिन हर्डने काढला होता. ॲल्युमिनियमच्या दोन पत्र्यांमध्ये बाल्सा लाकूड भरलेलं मॅलाइट नावाचं मटेरियल. हलकं आणि अतिशय ताठ. पण इंजिन चुकलं: फोर्डचं इंडियानापोलिसवालं व्ही-८ तीन लिटरपर्यंत कमी करून बसवलेलं, जड आणि तहानलेलं. आवाज प्रचंड, ताकद बेताची. त्याच वर्षी मात्र ख्रिस एमनबरोबर फोर्डमधून त्याने ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली. ज्यांनी त्या शर्यतीवरचा २०१९ चा सिनेमा हॉस्टेलवर पाहून केन माइल्ससाठी डोळे पुसले, त्यांनी लक्षात घ्या, दोन गाड्या जोडीने रेषेवर आल्यावर मागच्या जागेवरून सुटल्यामुळे जास्त अंतर कापलेली आणि म्हणून विजयी ठरलेली गाडी ती हीच.

१९६८ मध्ये बेल्जियमच्या स्पा इथे तो स्वतःच्या नावाच्या गाडीतून ग्रां प्री जिंकला. आणि कॅन-ॲम! अमेरिका-कॅनडातली ही मालिका, इंजिनावर जवळजवळ कसलंही बंधन नाही. पपईसारख्या नारिंगी रंगाच्या, सात लिटरच्या शेवरोले इंजिनच्या गाड्या. म्हणजे मुरीवाईच्या घाटातल्या इंजिनाच्या नऊपटीहून मोठ्या. ब्रूस आणि त्याचाच देशबंधू डेनी हल्म यांनी १९६९ च्या मोसमात ११ पैकी ११ शर्यती घेतल्या.

२ जून १९७०. इंग्लंडमधलं गुडवूड. पुढच्या मोसमाच्या एम-८-डी गाडीची चाचणी. शर्यत नव्हती, प्रेक्षक नव्हते. सरळ रस्त्यावर भरवेगात मागच्या बॉडीचा भाग सुटून उडाला. हवेचा दाब गाडीला जमिनीवर धरून ठेवतो, तोच गेला. गाडी फिरली आणि मार्शल्ससाठी बांधलेल्या बंकरवर आदळली. ब्रूस जागीच गेला. वय ३२. बायको पॅट्रिशिया, चार वर्षांची मुलगी अमांडा. ऑकलंडला नेऊन वाइकुमेटेच्या दफनभूमीत त्याला पुरलं.

बारा दिवसांनी, १४ जूनला, कॅनडात मोस्पोर्टला कॅन-ॲमची पहिली शर्यत होती. टीम गेली. डेनी हल्मचे हात मे महिन्यात इंडियानापोलिसला भाजलेले होते, तशाच हातांनी त्याने गाडी चालवली. ब्रूसच्या जागी डॅन गर्नी आला आणि जिंकला.

इंग्लंडमध्ये वोकिंगला मॅक्लारेनची आजची इमारत आहे, काचेची, तळ्याकाठची. तिथे जगज्जेत्या गाड्यांच्या ओळीत ती छोटी ऑस्टिन सेव्हनही ठेवली आहे.

हे सगळं मी बाबांना फोनवर सांगितलं. त्यांनी ल मान्स, कॅन-ॲम, सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, त्या छोट्या गाडीच्या ब्रेकचं काय केलं. मी केबलचं समजावलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले की येझदीची क्लच केबल सांगलीत मिळत नाहीये, दिवाळीला येताना बघ. गेल्या शनिवारी तीन दुकानं फिरून मिळाली. कपाटात ठेवली आहे, जर्नलच्या शेजारी.