चवदार तळ्यापासून संविधानापर्यंत

परिपाठात मुलं रोज संविधानाची उद्देशिका म्हणतात. पण ती पाळायची कोणी? फक्त सरकारनं, की आपणही? याचं उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनात सापडतं.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे भीमरावांचा जन्म झाला. शाळेत त्यांना नळाला हात लावायची मनाई होती. शिपायानं नळ सोडला तरच पाणी मिळे. हाच मुलगा पुढे कोलंबिया आणि लंडनला शिकून बॅरिस्टर झाला.

१९२४ मध्ये महाड नगरपालिकेनं चवदार तळं सर्वांना खुलं करण्याचा ठराव केला. पण ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह शांतपणे तळ्यावर गेले आणि ओंजळीनं पाणी प्याले. त्याबद्दल लोकांनी मार खाल्ला. कोर्टकचेरी झाली. अखेर १९३७ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूनं लागला.

पुढे ते संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. विहिरी, तळी वापरताना भेदभाव नको, हे कलम १५ मध्ये आलं. कलम १७ नं अस्पृश्यता नष्ट केली. तरीही २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी सर्वांना सावध केलं, की संविधान कितीही चांगलं असलं तरी ते राबवणारी माणसं वाईट निघाली तर ते वाईटच ठरेल.

तेव्हा उद्देशिका पाठ करून घ्याच. सोबत पाण्याच्या टाकीपाशी आणि पोषण आहाराच्या पंगतीत कुणी मूल बाजूला तर पडत नाही ना, हेही पाहा. संविधान तिथंच जपलं जातं.